युद्धक्रीडेचे नियमग्रंथ : त्यांची परंपरा व ऐतिहासिक मूल्य

१. विषयप्रवेश

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांच्या दप्तरांत खेळांच्या साहित्यास आजवर थोडेंबहुत स्थान मिळालेलें आहे. हस्तिदंती सोंगट्या, लाखेच्या रंगाच्या गंजिफा, पितळी फासे, भरजरी पट इत्यादि वस्तू कोणी टाकून देत नाहीं. परंतु या वस्तूंनीं खेळत कसें, कोणती सोंगटी किती घरें चाले, डाव केव्हां संपे, हें सांगणारा कागद त्यांच्याबरोबर क्वचितच येतो. सोंगटी टिकते आणि नियम हरवतो. नियम हरवला म्हणजे सोंगटी ही केवळ कोरीव कामाचा नमुना उरते. तिच्या द्वारें खेळणारांच्या मनांत काय चाले, हें कळण्याचा मार्ग बंद होतो.

प्रस्तुत लेखांत ज्या क्रीडाप्रकाराचा विचार करावयाचा आहे, त्याच्या बाबतींत सुदैवानें उलट प्रकार घडलेला आहे. मेजावर किंवा जमिनीवर लहान लहान सैनिक मांडून, मापपट्टी व फासे घेऊन लढाई खेळण्याची जी कला युरोपांत गेल्या सुमारें अडीचशें वर्षांत वाढली, तिचे नियम आरंभापासून ग्रंथरूपानें छापले गेले. त्यामुळें त्यांचा क्रम लावतां येतो, एका आवृत्तीची दुसरीशीं तुलना करतां येते, व कोणत्या काळीं युद्धाविषयीं लोकांची समजूत कशी होती, हें त्यांवरून ताडतां येतें. हे ग्रंथ पोरखेळाचीं पुस्तकें म्हणून बाजूस सारूं नयेत, तर त्यांस इतिहाससाधनांच्या पंक्तीस बसवावें, आणि तसें करतांना त्यांच्या मर्यादाही ओळखाव्या, एवढेंच आमचें प्रतिपादन आहे.

२. आपल्याकडील पूर्वपीठिका

युद्धाची प्रतिमा पटावर मांडण्याची कल्पना भारतीयांस नवीन नाहीं. चतुरंग या नांवांतच हत्ती, घोडे, रथ व पायदळ हीं सेनेचीं चारी अंगें आलीं आहेत. कल्याणच्या चालुक्यवंशीय तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लासां'त राजाच्या क्रीडांमध्यें या खेळाचा समावेश आहे. बंगालच्या रघुनंदनाच्या 'तिथितत्त्वां'त चौघांनीं फासे टाकून खेळावयाच्या चतुरंगाचें वर्णन व्यास-युधिष्ठिरांच्या संवादरूपानें आलेलें आहे. मूळच्या पैठणच्या व पुढें काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठानें सतराव्या शतकांत 'भगवंतभास्कर' हा निबंध रचिला. त्याच्या नीतिमयूखांतही बुद्धिबळाचे नियम दिलेले आहेत. म्हणजे राजनीति सांगतां सांगतां खेळाचा नियम लिहून ठेवणें हें आपल्या ग्रंथकारांस अनुचित वाटलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

परंतु बुद्धिबळांत युद्धाचीं तीन मुख्य लक्षणें गळालेलीं आहेत. पहिलें भूमि : पटाचीं चौसष्ट घरें सारखीं, त्यांत डोंगर नाहीं, नदी नाहीं, दलदल नाहीं. दुसरें दैव : दोघांच्या प्रचलित खेळांत फासा नसल्यामुळें मारणारें मोहरें नेहमींच मारतें व मरणारें नेहमींच मरतें. तिसरें अज्ञान : शत्रूचें सर्व सैन्य सर्वकाळ डोळ्यांसमोर असतें. पुढील युद्धक्रीडेचा सर्व इतिहास म्हणजे हीं तीन गळालेलीं लक्षणें एकेक करून परत आणण्याचा इतिहास होय, असें म्हटल्यास चालेल.

महाराष्ट्रांत दिवाळीच्या सुमारास मुलें मातीचे किल्ले करतात, त्यांवर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणतात, बुरूज व दरवाजे बांधून मातीचे मावळे मांडतात. येथें भूमि आहे, सैनिकही आहेत. पण चाल व मार यांचा नियम नाहीं. तें दृश्य आहे, डाव नव्हे. दृश्याचा डाव होण्यास काय लागतें, हें पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

३. हेलविग व व्हेंतुरिनी

जर्मनींतील ब्राउन्श्वाइग येथें योहान ख्रिश्चन लुडविग हेलविग नांवाचा गणिताचा शिक्षक होता. ड्यूकच्या दरबारांतील तरुण सेवकांस तो शिकवीत असे, व त्यांपैकीं पुष्कळांस पुढें सैन्यांत अधिकार मिळावयाचे असत. त्यांस युद्धशास्त्राचीं मूलतत्त्वें गोडीनें समजावीं म्हणून त्यानें बुद्धिबळाच्या आधारावर एक नवा खेळ रचून १७८० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्याच्या पटावर १,६१७ घरें होतीं व त्या घरांस जमिनीच्या प्रकाराप्रमाणें निरनिराळे रंग दिलेले होते. डोंगराचा रंग वेगळा, पाण्याचा वेगळा, दलदलीचा वेगळा. राजास कोंडण्याऐवजीं शत्रूचा तटबंदीचा ठिकाणा घेणें हें जयाचें लक्षण ठरविलें. याप्रमाणें गळालेल्या तीन लक्षणांपैकीं भूमि ही प्रथम परत आली.

हेलविगच्या मागून १७९७ सालीं गेओर्ग व्हेंतुरिनी यानें ३,६०० घरांचा पट करून त्यावर फ्रान्स व बेल्जम यांच्या सरहद्दीवरील प्रत्यक्ष प्रदेश दाखविला. परंतु घरांची संख्या कितीही वाढविली तरी घर तें घरच. नदी चौकोनांच्या कडेनें वाहत नाहीं व पलटणही चौकोनांत उभी राहत नाहीं. हा दोष काढणें पुढील पिढीच्या वांट्यास आलें.

४. राइस्विट्झ पितापुत्र

प्रशियांतील ब्रेस्लाउ येथील मुलकी अधिकारी गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइस्विट्झ यानें घरें अजिबात टाकून दिलीं. प्रथम त्यानें मेजावर वाळू पसरून तिचेच डोंगर व खोरीं केलीं आणि सोंगट्यांची चाल मापानें ठरविली. १८११ सालीं हा खेळ राजपुत्रांच्या दृष्टीस पडला व त्यांच्याकडून राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्या कानीं गेला. राजास वाळूचा खेळ दाखविणें अयोग्य वाटून त्यानें खणांचें एक मोठें मेज तयार करविलें. त्यावर हव्या तशा जुळवितां येणाऱ्या, उंचसखल व रंगविलेल्या गिलाव्याच्या फरशा मांडावयाच्या, व सैन्यासाठीं चिनी मातीच्या सोंगट्या वापरावयाच्या. १८१२ सालीं हें मेज राजास अर्पण झालें. तें बर्लिन येथील शार्लोटेनबुर्ग राजवाड्याच्या संग्रहांत टिकून राहिलें, ही संग्राहकांस आनंदाची गोष्ट होय.

तथापि मेज एक, व तें राजाचें. खेळ सैन्यांत पसरला तो पुत्रामुळें. गेओर्ग हाइन्रिख रुडोल्फ फॉन राइस्विट्झ हा तोफखान्यांतील तरुण अधिकारी. त्यानें फरशांऐवजीं कागदी नकाशा घेतला, चिनी मातीच्या सोंगट्यांऐवजीं तांबड्या व निळ्या रंगाच्या धातूच्या लहान चिपा घेतल्या, आणि १८२४ सालीं बर्लिन येथें आपला नियमग्रंथ छापला. त्याच सालीं सेनेचा मुख्य नियोजक अधिकारी कार्ल फॉन म्युफ्लिंग याच्यासमोर खेळाचा प्रयोग झाला. आरंभीं उदासीन असलेल्या म्युफ्लिंगनें प्रयोग संपेपर्यंत आपलें मत बदललें व लष्करी साप्ताहिकांत त्याची शिफारस केली; पलटणीपलटणींस हें साहित्य पुरविण्याची आज्ञाही सुटली. ग्रंथकर्त्याचा शेवट मात्र दुःखद झाला. बर्लिनहून तोर्गाउ येथें बदली झाल्यावर १८२७ सालीं त्यानें आत्महत्या केली. त्याच्या पश्चात् १८२८ सालीं प्रशियन अधिकाऱ्यांच्या एका मंडळानें नियमांची पुरवणी प्रसिद्ध केली. अनुभवावरून मूळ नियमांत भर पडत गेली, याचा हा छापील पुरावा होय.

५. १८२४ च्या नियमांची रचना

या ग्रंथाची घटना नीट समजून घेणें अवश्य आहे. कारण पुढील बहुतेक नियमग्रंथांची मूळ चौकट यांतच आहे.

नकाशाचें माप एकास आठ हजार. सोंगटीची लांबी त्याच मापानें, म्हणजे पलटण जमिनीवर जितकी रुंद उभी राहते तितकीच नकाशावर दिसावयाची. कालाचेंही माप ठरलेलें : प्रत्येक चाल दोन मिनिटांची. दोन मिनिटांत पायदळ, घोडदळ व तोफा किती अंतर जातील, हें पट्टीवर खुणा करून दिलेलें. याप्रमाणें स्थल व काल दोन्ही एकाच प्रमाणांत बांधले गेल्यामुळें मदत वेळेवर पोंचेल कीं नाहीं, हा प्रश्न वादाचा न राहतां मोजणीचा झाला.

गोळीबाराचा परिणाम फाशांवर सोंपविला. पण हा जुगारी फासा नव्हे. प्रशियांत शार्नहोर्स्ट यानें बंदुका व तोफा यांच्या माऱ्याचे प्रयोग करून त्यांचे आंकडे प्रसिद्ध केले होते. अंतर वाढेल तसा मारा किती कमी पडतो, हें त्या आंकड्यांवरून काढून फाशांच्या बाजूंवर मांडलें. समोरासमोरच्या झुंजीसाठीं बलाबलाप्रमाणें निरनिराळे पांच फासे योजिले : एक समसमान संभवाचा, दुसरा तीनास दोन, तिसरा दोनास एक, चौथा तीनास एक व पांचवा चारास एक. दुर्बळ पक्षासही यश येण्याची थोडी वाट ठेवली, परंतु ती किती अरुंद हें आधींच ठरविलें. दैव परत आलें, पण मोजून आलें.

तिसरें लक्षण जें अज्ञान, तें पंचाच्या योजनेनें साधलें. दोन्ही पक्षांचे सेनापति आपल्या आज्ञा लिहून पंचाकडे देत. जें सैन्य शत्रूस दिसण्याजोगें असेल तेवढेंच पंच नकाशावर मांडी. डोंगराआडची पलटण त्याच्या मनांत व टिपणांतच राही. दूरच्या तुकडीस पाठविलेली आज्ञा ताबडतोब अमलांत येत नसे. स्वारास तेथवर जाण्यास जितका काळ लागेल तितक्या चाली लोटल्यावरच ती पोंचली असें पंच मानी. नुकसानीचा हिशेबही तोच ठेवी.

ऐतिहासिक पत्रव्यवहार वाचणारांस या शेवटच्या नियमाचें मर्म सांगावयास नको. पानिपतची लढाई १७६१ च्या जानेवारीच्या १४ तारखेस झाली, पण उत्तरेकडे निघालेल्या पेशव्यांस ती कळण्यास त्यानंतर अनेक दिवस लागले. मधल्या दिवसांतील त्यांचे बेत आज आपणांस विचित्र वाटतात, याचें कारण आपण शेवट जाणतों व ते जाणत नव्हते, हें होय. कोणत्या दिवशीं कोणास काय ठाऊक होतें, हा प्रश्न विचारल्याखेरीज कोणत्याही सेनापतीस दोष देऊं नये, ही शिस्त राइस्विट्झच्या नियमानें खेळणाऱ्यास हाताळून शिकविली.

६. कडक व मोकळी पद्धति

नियम जितके सूक्ष्म, तितका खेळ संथ. एका तासाच्या लढाईस संबंध दिवस लागूं लागला व पंचाचा वेळ कोष्टकें पाहण्यांतच जाऊं लागला. १८६२ मध्यें फॉन चिश्विट्झ यानें नियम सुटसुटीत केले. १८७३ मध्यें मेकेल यानें कडक नियमांवर टीका केली. हाच मेकेल १८८५ पासून जपानी अधिकाऱ्यांस युद्धशास्त्र शिकविण्यास गेला. १८७६ मध्यें व्हर्डी दु व्हेर्न्वा यानें तर कोष्टकें व फासे दोन्ही गौण ठरवून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच सर्व भार टाकला. पहिलीस कडक व दुसरीस मोकळी पद्धति म्हणतात.

हा वाद केवळ सोयीचा नव्हता. कडक पद्धतींत निर्णय कशावरून झाला हें मागाहून कोणासही तपासतां येतें. मोकळ्या पद्धतींत तो पंचाच्या डोक्यांत राहतो व खेळ संपतांच नाहींसा होतो. खेळणाऱ्यास दुसरी सोयीची, संशोधकास पहिली उपयोगाची.

१८७०-७१ च्या युद्धांत प्रशियनांनीं फ्रान्सचा पराभव केल्यावर इतर राष्ट्रांचें लक्ष या खेळाकडे वळलें. १८७२ सालीं इंग्रज सैन्यासाठीं कॅप्टन एव्हलिन बेअरिंग यानें नियमांचें पुस्तक तयार केलें. हाच बेअरिंग १८८० ते १८८३ पर्यंत हिंदुस्थान सरकारचा जमाखर्च पाहणारा मंत्री होता व पुढें मिसर देशांत लॉर्ड क्रोमर या नांवानें प्रसिद्धीस आला. अमेरिकेंत टॉटन यानें १८८० मध्यें व लिव्हरमोर यानें १८८२ मध्यें स्वतंत्र ग्रंथ छापले.

७. छावणींतून दिवाणखान्यांत

आतांपर्यंतचा खेळ लष्करी शिक्षणाचा. तो केवळ हौसेचा कसा झाला, हें पाहण्यासारखें आहे. प्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन प्रकृतीसाठीं स्वित्झर्लंडांतील दाव्होस येथें राहत असतां १८८१-८२ च्या हिंवाळ्यांत आपला सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न याच्याबरोबर माळ्याच्या जमिनीवर खडूनें नकाशा काढून शिशाच्या सैनिकांच्या मोहिमा खेळे. १८९८ मध्यें ऑस्बर्ननें त्याची हकीकत मासिकांत छापली. स्वतंत्र नियमग्रंथ मात्र निघाला नाहीं; उरले ते वर्तमानपत्री थाटानें लिहिलेले मोहिमांचे वृत्तांत. म्हणजे येथें बखर राहिली व कायदा गेला. १८९८ सालींच फ्रेड जेन यानें आरमारी युद्धाचे नियम प्रसिद्ध केले. जगांतील लढाऊ जहाजांची त्याची प्रख्यात सूचि याच उद्योगाशीं निगडित आहे.

१८९३ पासून विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास आरंभ केला. पोकळ असल्यामुळें ते हलके व स्वस्त झाले, आणि मध्यम स्थितींतील घरांत सैन्यें जमूं लागलीं. त्याच कारखान्याच्या कमानीच्या तोफेंतून लांकडी गोळी नेमकी सुटे. एच्. जी. वेल्स यानें या तोफेवरच आपला खेळ उभारला व १९१३ सालीं 'लिट्ल वॉर्स' हें पुस्तक छापलें. त्याचे नियम थोडे : मांडणीच्या वेळीं दोन्ही सैन्यांमध्यें पडदा, पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन फूट, तोफेपाशीं निदान चार माणसें असलीं तरच ती चालवितां येई, व एका चालींत तिनें एकतर हलावें किंवा चार गोळ्या माराव्या, दोन्ही नव्हे. गोळीनें जो पडला तो मेला. येथें फासा नाहीं. नेम हेंच दैव.

याच पुस्तकांत वेल्सनें लष्करी अधिकाऱ्यांसाठीं एक परिशिष्टही जोडलें. पण त्याच्या लिखाणाचा रोख असा कीं, हा लहान खेळ एकदां मनापासून खेळून पाहणाऱ्यास मोठें युद्ध किती चुकांनीं भरलेलें असलें पाहिजे हें उमजेल. पुढल्याच वर्षीं, १९१४ सालीं, पहिलें महायुद्ध सुरू झालें.

८. हौशी मंडळांचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदास संघटित रूप आलें. अमेरिकेंत जॅक स्क्रबी यानें १९५७ मध्यें या विषयास वाहिलेलें नियतकालिक काढलें. इंग्लंडांत, रणगाडा दलांत नोकरी केलेल्या डोनल्ड फेदरस्टोन यानें १९६२ मध्यें 'वॉर गेम्स' हें पुस्तक लिहिलें. ब्रिगेडियर पीटर यंग व लॉफर्ड यांचें 'चार्ज' १९६७ मध्यें, चार्ल्स ग्रँट यांचें 'द वॉर गेम' १९७१ मध्यें निघालें. प्राचीन काळच्या लढायांसाठीं १९६५ मध्यें इंग्लंडांत स्वतंत्र मंडळ स्थापन झालें, आणि १९६९ मध्यें वॉरगेम्स रिसर्च ग्रुप या संस्थेचे प्राचीन युद्धाचे नियम प्रसिद्ध झाले. या नियमांच्या पुढें अनेक आवृत्त्या निघाल्या. १९९० मध्यें त्याच परंपरेंतील फिल बार्कर यांच्या मंडळीनें एका बाजूस अवघ्या बारा तुकड्या घेऊन थोडक्या वेळांत संपणारा खेळ रचिला. अमेरिकेंत १९७१ च्या 'चेनमेल' या मध्ययुगीन युद्धनियमांतून १९७४ मध्यें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघालें व एक निराळीच शाखा फुटली.

या काळांतील नियमांत एक नवें प्रकरण ठळक झालें, तें म्हणजे सैनिकांच्या धैर्याचें. वेल्सचा शिपाई पडेपर्यंत लढतो; त्यास भीति माहीत नाहीं. युद्धानंतरच्या नियमांत मात्र तुकडीचें नुकसान झालें, शेजारची तुकडी पळाली, सेनापति पडला, कीं फासा टाकून ती टिकते कीं मोडते हें पाहावयाचें. लढाई मारण्यानें जितकी जिंकली जाते, त्याहून मन मोडण्यानें अधिक, हें तत्त्व प्रत्यक्ष युद्ध पाहिलेल्या लेखकांच्या पिढीनें अग्रभागीं आणलें, हा योगायोग नव्हे.

१९८३ मध्यें बिल लीसन यानें १८२४ च्या राइस्विट्झी नियमांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि दीडशें वर्षांवर जुना खेळ पुन्हां खेळला जाऊं लागला. नकाशा, चिपा व पट्ट्या नव्यानें करतां आल्या. कारण ग्रंथ शाबूत होता. ग्रंथ नसता व नुसत्या चिपा असत्या, तर हें झालें नसतें.

९. साधन म्हणून मूल्य व मर्यादा

या ग्रंथांचा उपयोग करतांना तीन गोष्टी ध्यानांत धराव्या असें आम्हांस वाटतें.

पहिली ही कीं, नियम हें वस्तुस्थितीचें वर्णन नव्हे, तर वस्तुस्थितीविषयीं एक मत होय. १८२४ चा फासा प्रत्यक्ष रणांत किती माणसें पडत हें सांगत नाहीं. किती पडतात असें सुशिक्षित प्रशियन अधिकाऱ्यास वाटत होतें, तें सांगतो. दुसरी ही कीं, ग्रंथकारानें जें वगळलें त्यासही अर्थ आहे. ज्या नियमांत धान्य, दारूगोळा, रोगराई व पगार यांचा उल्लेख नाहीं, त्यांवरून मोहिमेचें चित्र काढूं गेल्यास तें फसवें निघेल. मराठ्यांच्या मोहिमांचे हिशेब वाचणारास दाणागोट्यावांचून युद्ध कल्पितांच येत नाहीं. तिसरी ही कीं, आवृत्तीकडे डोळेझांक करूं नये. एकाच नांवाच्या दोन आवृत्त्यांत पायदळाची चाल किंवा भाल्याचें बळ बदललेलें असतें, व तो बदल मधल्या काळांतील वाचनाचा किंवा वादाचा परिणाम असतो. पोथ्यांचे पाठभेद टिपणाऱ्या आमच्या वाचकांस या कामाची रीत नव्यानें शिकावी लागणार नाहीं.

१०. संग्राहकांस विनंति

छापील ग्रंथांची चिंता कमी आहे. मोठ्या ग्रंथालयांतून ते राहतील. खरी भीति आहे ती हातानें लिहिलेल्या, टंकित केलेल्या किंवा चक्रमुद्रित सुट्या पानांची. विसाव्या शतकांतील हौशी मंडळांचे कित्येक नियम असेच पानापानांनीं हातोहात फिरले. त्यांवर मुद्रकाचें नांव नसतें, साल नसतें, व मालकाच्या पश्चात् शिशाचे सैनिक विकले जातात आणि पानें चुलींत जातात. तेंच आपल्याकडील गंजिफांचें व सोंगट्यांचें.

म्हणून ज्यांच्या संग्रहांत कोणत्याही खेळाचें जुनें साहित्य असेल, त्यांनीं त्याबरोबरचा प्रत्येक चिटोरा, डावाचा हिशेब, समासांतील दुरुस्ती व पेटीच्या झांकणाच्या आंतील लिखाण जपावें. पेटी व कागद वेगळे करूं नयेत. आणि घरांतील वृद्धांस नियम तोंडीं ठाऊक असतील तर ते सांगणाराचें नांव, स्थळ व दिनांक घालून लिहून काढावे. अशा टिपणांच्या नकला या त्रैमासिकाकडे आल्यास त्या सर्वांच्या उपयोगीं पडतील.